गाण्यावाचून चौक

सहा वर्षांपूर्वी माझी एक लहानशी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात डहाणूच्या पूर्वेकडील एका पाड्यावरच्या लग्नाचे वर्णन आहे. कुडाच्या भिंतीला शेण-गेरूचा हात फिरला आहे, सवाशिणी तांदळाच्या पिठात काडी बुडवून चौक लिहीत आहेत आणि दारातून येणारा उजेड त्या ओल्या रेघांवर पडला आहे, असे ते दोन-अडीच पानांचे वर्णन. ज्या थोड्या परीक्षकांनी कादंबरीची दखल घेतली, त्यांनी नेमके हेच प्रकरण उचलून धरले. एकाने त्याला 'चित्रमय' म्हटले. जिचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही आणि जी बालवर्गाला शिकवून पोट भरते, अशा बाईला हा एक शब्द पुष्कळ दिवस पुरतो. मलाही पुरला.

पुढे एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी तिला न्यायला लवकर आली. ही आजी धवलेरी आहे. वारल्यांची लग्ने लावणाऱ्या, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या या स्त्रिया. मुले झोपली होती, वेळ होता. मी हौसेने तिला ते प्रकरण वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग तिने दोन प्रश्न विचारले. तिची बोली वारली. तिचे बोलणे मी येथे माझ्या मराठीत देते. पहिला प्रश्न : "बाई, चौक लिहिला, पण गाणे कोणी म्हटले?" दुसरा : "आणि लग्नाला पैका कोणी दिला?"

मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. माझ्या लग्नात गाणे नव्हते आणि पैशाचा विचार तर माझ्या मनालाही शिवला नव्हता. हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांना दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते केवळ माझ्या कादंबरीपुरते असते, तर दिवाळी अंकाची पाने मी त्यासाठी अडवली नसती. परंतु वारली कलेकडे पाहण्याची जी दृष्टी आपण सर्व सुशिक्षितांनी गेल्या पन्नास वर्षांत कमावली आहे, तिलाच हे दोन प्रश्न लागू पडतात, असे मला वाटू लागले आहे.

एखाद्या गावाचे सांस्कृतिक जीवन मोजायचे आपले माप ठरलेले आहे. नाट्यगृह आहे काय, वाचनालय आहे काय, चित्रांचे दालन आहे काय, व्याख्यानमाला भरते काय? हे माप आपण इंग्रजी गावांवरून घेतले. एव्हन नदीकाठचे स्ट्रॅटफर्ड हे गाव घ्या. शेक्सपिअरचे जन्मघर १८४७ साली वर्गणी काढून विकत घेतले गेले आणि जपले गेले. १८७९ साली तेथे नाट्यगृह उभे राहिले. १९२६ साली ते जळाले, तर १९३२ साली नवे बांधले गेले. मी ते गाव पाहिलेले नाही, पाहण्याचा संभवही नाही. पण त्याच्याविषयी वाचताना एक गोष्ट मनात भरली. त्या लोकांनी नुसते घर जपले नाही. घर जपूनही त्यांना चैन पडेना. त्या माणसाची नाटके रोज कोणाच्या तरी मुखातून बोलली गेली पाहिजेत, असे त्यांना वाटले. वास्तू आणि वाचा अशी दोन्ही त्यांनी सांभाळली.

या मापाने डहाणू-तलासरी मोजू गेले, तर हाती फारसे लागत नाही. चिकूच्या वाड्या, डायमेकर, मासळीबाजार, रेल्वेचे स्थानक; मराठी, गुजराती, इराणी, पारशी अशी सरमिसळ वस्ती. नाटक पाहायचे तर दूर जावे लागते. आणि तरीही चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा डोंगरावर ध्वज चढताना पाहायला जी माणसे रात्रभर जागतात, त्यांना आपल्या गावात काही सांस्कृतिक उणीव आहे, असे वाटत असेल असे दिसत नाही. भात निघाल्यावर तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण : एवढ्या साहित्यावर तारपेकरी श्वास न तोडता वाजवतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. या संस्कृतीला दालन नाही, कारण तिला भिंत आहे. नाट्यगृह नाही, कारण तिला खळे आहे. पण म्हणून ती आपोआप टिकेल, असे नव्हे. ती कशाने टिकते आणि कशाने विटते, हाच माझा प्रश्न आहे.

आजीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. वारली माणूस चौक 'काढत' नाही, 'लिहितो'. हा शब्द मी पुष्कळदा ऐकला होता आणि तोंडवळणी पडलेली बोली म्हणून सोडून दिला होता. आता वाटते की, सारी गोम त्या शब्दात आहे. लिहिलेले वाचले गेले पाहिजे. लग्नघरात सवाशिणी चौकट आखतात, तिच्या कडा नक्षीने भरतात, मध्ये पालघट देवी येते. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. ही झाली अक्षरे. त्यांचे वाचन धवलेरी करते. ती देवांना नावे घेऊन बोलावते, धान्याची देवी कणसरी हिची कथा गाते, वधूवरांना त्या कथेत ओवून घेते. चौक आणि गाणे ही दोन कामे नाहीत. एकाच विधीचे ते डोळा आणि कान आहेत. गाण्यावाचूनचा चौक म्हणजे कोणी न वाचलेले पत्र. लग्न झाले की भिंतीवरचे पीठ गळून जाते, पुन्हा सारवण होते आणि त्याची खंत कोणाला वाटत नाही. पत्र वाचून झालेले असते.

मी माझ्या कादंबरीत हे पत्र नुसते वळणदार अक्षर म्हणून वाखाणले. माझा दोष मी पदरात घेते. पण आपण सर्वांनी दुसरे काय केले?

येथे एका गैरसमजापासून मला दूर राहिले पाहिजे. चौक भिंतीवरून कागदावर आला, तेव्हाच कला भ्रष्ट झाली, असे म्हणणारा एक पक्ष आहे. मी त्या पक्षाची नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या पाड्यांवर कागद आणि रंग आणले. त्याआधी, १९६६-६७च्या दुष्काळात, ते याच कामासाठी मिथिलेत जाऊन आले होते. पण दोन्हीकडे घडले ते निरनिराळे. मिथिलेत भिंतीवर चित्रे काढणाऱ्या स्त्रियांनीच कागद हाती घेतला आणि त्यांची नावे देशभर झाली. आमच्याकडे कागद मुख्यत्वे पुरुषांच्या हाती गेला. याचे कारण पुरुषांची हुशारी असे समजण्याचे कारण नाही. चौक हे सवाशिणींचे व्रत होते. त्यातली फणी कोठे आणि शिडी कोठे, हे ठरलेले होते. पुरुषाला ते बंधन नव्हते. तो विधीच्या बाहेर उभा होता, म्हणून हवे ते काढायला मोकळा होता. या मोकळेपणातून जिव्या सोमा मशे हा कलावंत निघाला.

मशे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यात धामणगाव येथे झाला आणि आयुष्य गेले डहाणू तालुक्यात, गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. सातव्या वर्षी आई गेली आणि हा मुलगा बोलेनासा झाला. धुळीत रेघा ओढूनच तो सांगायचे ते सांगत असे, अशी हकीगत सर्वत्र सांगितली जाते. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८च्या मे महिन्यात ते वारले. ही झाली नोंद. समीक्षेचे काम नोंदीपाशी संपत नाही.

त्यांनी पुनःपुन्हा काढलेले मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. सारा फलक बारीक पांढऱ्या रेघांच्या विणीने व्यापलेला. माणसे कडेला, इवलीशी. लांबून ते जाळे धुक्यासारखे दिसते. जवळ जावे तो एकेक आस सुटा मोजता येतो. येथे क्षितिज नाही, जवळचे मोठे आणि दूरचे लहान असा भेद नाही. माणूस, मुंगी, कोंबडी यांना सारख्याच रेघेचा मान आहे. हे सर्व चौकातही होते. मशे यांनी नवे काय आणले? माझ्या मते त्यांनी लय आणली, किंवा अधिक नेमके बोलायचे तर, गाण्याची लय रेघेत ओतली. धवलेरी एकच ओळ थोड्या फरकाने पुनःपुन्हा म्हणते आणि त्या फरकांतून कथा पुढे सरकते. मशे यांची रेघ तशीच चालते. एकसारखी दिसणारी, पण दोनदा तीच नसणारी. ज्या मुलाची वाचा गेली होती, त्याने गाणे सोडले नाही. त्याने ते हाताकडे सोपवले. म्हणून त्यांचे चित्र गाण्यावाचून असूनही मुके वाटत नाही. कागद हा दोष नाही. कागदावर काय उतरले आणि काय गळले, हे पाहिले पाहिजे.

गळण्याची क्रिया नंतर सुरू झाली. मशे यांच्या चित्रांतून आकृत्या तेवढ्या उचलल्या गेल्या. दोन त्रिकोणांचा माणूस, तारप्याचे वर्तुळ, ताडाचे झाड. त्या आकृत्या साडीवर गेल्या, कपबशीवर गेल्या, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर गेल्या. पोट भरण्यासाठी वारली तरुणांनी हे केले, तर त्यांना नावे ठेवणारी मी कोण? २०१४ साली, ज्या वर्षी पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली. नाव तरी राखले गेले, हे चांगलेच झाले. माझी तक्रार नक्षीविषयी नाही. ती नक्षीलाच चित्र समजणाऱ्या आपल्या रसिकतेविषयी आहे. एक लहान खूण सांगते. तारप्याचा नाच हे वर्तुळ नव्हे. ती रांग आहे. तिला पुढचे टोक आहे, तिथला गडी घुंगरांची काठी आपटीत रांगेला ओढून नेतो आणि रांग तारप्याभोवती कधी वेटोळे घालते, कधी उलगडते. जाणत्या हाताच्या चित्रात ते टोक उघडे असते. छापील नक्षीत बहुधा ते मिटवलेले सापडते. बांगडीसारखा बंद गोल. ज्याने नाच पाहिला आहे, तो अशी चूक करणार नाही. ज्याने केवळ चित्र पाहिले आहे, त्याला ती चूक दिसणारही नाही.

मला ती दिसली ती माझ्या वर्गात. शाळेची भिंत सुशोभित करायची ठरली आणि मुलांना नमुन्याचे छापील पुस्तक दिले गेले. वारल्यांची मुले पुस्तकात पाहून वारली चित्र गिरवू लागली. एका मुलाचा गोल जुळेना. त्याने टोक उघडे ठेवले होते. मी, त्याची बाई, खडू घेऊन त्याचा गोल पुरा करून दिला. त्याने माझ्याकडे पाहिले, पण तो काही बोलला नाही. बाईने केले म्हणजे ते बरोबरच असणार.

आमचा हा प्रदेश बालशिक्षणाचे माहेर आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलासाठी कुरणात शाळा भरवावी, हा विचार त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी येथे रुजवला. शिंपले, बिया, पाने ही त्यांची साधने. मुलाच्या घरात जे आहे, तेथून आरंभ करायचा, हा त्या पद्धतीचा प्राण. आणि मी त्याच मुलाचे उघडे टोक मिटवले! भिंत मात्र सुरेख झाली. पाहुणे येतात, फोटो काढतात.

आता दुसरा प्रश्न : लग्नाला पैका कोणी दिला?

आजीने हा प्रश्न सहज विचारला. तिच्या दृष्टीने लग्नाच्या गोष्टीत तो पहिला यायला हवा होता. मला मात्र तो समजायला गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' पुन्हा काढून वाचावे लागले. १९७० साली आलेल्या आणि १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकाची गणना आपण चळवळीच्या इतिहासात करतो आणि मोकळे होतो. ते वाङ्मय म्हणून वाचले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. त्यात 'लग्नगडी' हा शब्द येतो. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. कर्ज फिटत नसे. माणूस संपे, कर्ज उरे. लग्न करून गडी झालेला, तो लग्नगडी. मराठी भाषेतला याहून भयंकर समास मला ठाऊक नाही.

म्हणजे ज्या भिंतीवर पालघट देवी बसत होती, त्याच भिंतीआड गुलामीचा करार होत होता. पीठ ज्या तांदळाचे, तो तांदूळसुद्धा पुष्कळदा उसना. चौकातले वधूवर शिडीजवळ उभे असतात. ती शिडी त्यांना कोठे नेत होती, हे चौक सांगत नाही. त्याने सांगावे, अशी अपेक्षाही नाही. मागणे मागणारे ते चित्र आहे, तक्रार करणारे नव्हे. परंतु आपण, बाहेरून पाहणारे, त्या चित्रात 'निसर्गाशी एकरूप झालेले निरागस जीवन' वाचतो, तेव्हा आपण कलेचा आस्वाद घेत नसतो, आपल्या सोयीचे खोटे बोलत असतो. के. जे. सावे यांचे 'द वारलीज' हे इंग्रजी पुस्तक १९४५ साली निघाले. वारल्यांच्या चालीरीतींची त्यात कसोशीने नोंद आहे. त्याच वर्षी, २३ मे रोजी, झरी गावच्या परिषदेत वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध वारली उभे राहिले. त्याच वर्षी, १० ऑक्टोबरला, तलवाड्याला जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण पडले. तलासरीत हा दिवस अजून पाळला जातो. तोही सांस्कृतिक जीवनाचाच भाग आहे, पण आपल्या कोणत्याही कलाविषयक लेखात तो येत नाही.

परुळेकरांच्या पुस्तकाचे मोठेपण असे की, त्यातला वारली पाहिला जात नाही; तो बोलतो. लेखिका स्वतः शिकायला आलेली आहे आणि आपले अडखळणे लपवीत नाही. कोठल्याही शैलीशिवाय लिहिलेल्या त्या वाक्यांना एक ओझे आहे, ते माझ्या चित्रमय प्रकरणाला कधीच येणार नाही. पुस्तकाला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. त्याचा रोख वेठ, कर्ज आणि संघटना यांवर आहे. चौकाची रेघ तपासणे हे त्याचे काम नाही. म्हणून पैशाचा प्रश्न विचारणारे पुस्तक एकीकडे राहिले आणि चित्राचे कौतुक करणारे लेख दुसरीकडे. चळवळीचा वाचक चित्र पाहत नाही. चित्राचा रसिक चळवळीचे पान उलटत नाही. आणि गाणे दोघांच्या मधल्या जागेत पडून राहिले. कविता महाजनांसारख्या एखाद्या लेखिकेने वारली लोकगीते मिळवून छापली, तर आपण त्या पुस्तकाला कपाटात मानाची जागा देतो. साडीइतका मान मात्र त्याला नसतो.

आजी दोन्ही प्रश्न एका दमात विचारू शकली, याचे कारण ती दोघांच्याही आत आहे. तिच्या आईवडिलांनी लग्नकर्जापायी वाडीत राबून दिवस काढले होते. आणि तीच आई तिला गाणी देऊन गेली. तिच्या लेखी गाणे आणि पैका हे दोन विषय नाहीत. उत्तम समीक्षा म्हणतात ती हीच असावी. कृती कोणी गायली आणि तिची किंमत कोणी भरली, हे एकाच वेळी विचारणे.

आता पुष्कळ लग्नांत धवलेरीला बोलावतात, तिला अर्धा घटका गाऊ देतात आणि मग मोठे कर्णे सुरू होतात. चौक भिंतीवर रंगवून घेतात; तो गळत नाही, वर्षभर टिकतो. पत्र टिकते, वाचणारी उठून जाते. आजीच्या मागे तिच्या घरात गाणी घेणारे कोणी नाही. तिची सून सुपारीएवढ्या डब्यांवर चित्रे काढून चार पैसे मिळवते आणि नात माझ्या वर्गात माझी प्रमाण मराठी शिकते. यात कोणाचा दोष आहे, हे मला सांगता येणार नाही. माझा वाटा किती, तेवढे मी सांगितले.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा योग आला आहे. ते प्रकरण मी पुन्हा लिहीत आहे. ओल्या रेघांवरचा उजेड काढून टाकला. त्या जागी नवऱ्या मुलाचा बाप सावकाराच्या ओटीवर बसलेला आहे. गाण्याची जागा अजून कोरी आहे. एखादे गाणे सांगा, लिहून घेते, असे मी आजीला म्हटले. तिने मान हलवली. लग्नावाचून लग्नाचे गाणे म्हणत नाहीत. ऐकायचे असेल तर लग्नाला येऊन रात्रभर बस, म्हणाली. यंदा माघात तिच्या पाड्यावर एक लग्न आहे, मला बोलावणे आहे. येताना वही आणू नको, असेही तिने बजावले आहे.